बर्फाच्या चित्राचा तिसरा डबा

सर बोलू लागले की डोळे मिटून घेत. पडद्यावर काय चाललं आहे हे बघायची त्यांना गरज नसे. हात मागे बांधून ते पडद्याच्या डाव्या बाजूला उभे राहत आणि कुठल्याशा परक्या देशातल्या माणसांची वाक्यं मराठीत बोलत. मूळ आवाज त्यांनी बंद ठेवलेला असे. ओठ पडद्यावर हलायचे, शब्द भिंतीजवळून यायचे, आणि पाच-सात मिनिटांत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत याचा विसर पडायचा. पडद्याच्या उजव्या बाजूला काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, उभ्या असत. बायकांची वाक्यं त्यांच्याकडे होती.

साताऱ्याच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले, तिथे सर भौतिकशास्त्र शिकवत. मी रुजू झाले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला सात-आठ वर्षं उरली होती. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दहा वाजता ते शाळेच्या चित्रकलेच्या हॉलमध्ये परदेशी चित्रपट दाखवत. पुढच्या रविवारी तोच चित्रपट सांगलीत, एका वाचनालयाच्या सभागृहात. पुण्याहून एसटीच्या पार्सलने रिळांचे डबे येत. चित्रांवर खाली इंग्रजी अक्षरं उमटत, पण आमच्या प्रेक्षकांतल्या निम्म्यांना ती वाचता येत नसत, आणि ज्यांना येत त्यांचं अक्षरं वाचण्यात चेहरे बघणं राहून जाई. म्हणून सरांनी हा मार्ग काढला होता.

हॉलचे काळे पडदे काकूंनी छत्रीच्या कापडाचे शिवले होते. सर खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबत आणि दहाला एक मिनिट असताना आतून कडी लावत. नंतर मुख्याध्यापक आले तरी दार उघडत नसे. रीळ बदलताना दिवा लावायची बंदी होती. यंत्र तेच चालवत. रीळ चढवून, बटण दाबून अंधारात मोजकी पावलं टाकत पडद्यापाशी येत. 'सिनेमा' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ते 'चित्र' म्हणत.

प्रत्येक चित्राची एक लांबट वही असे. त्यात सरांची वाक्यं लाल शाईने आणि काकूंची हिरव्या शाईने. प्रत्येक वाक्यावर बारीक आकडा असायचा. त्याआधी किती श्वास थांबायचं त्याचा. साताऱ्यात आणि सांगलीत एकेकदा बोलून झालं की वाक्य कायमचं ठरलं. नंतर एक शब्द बदलायचा नाही. एकदा साताऱ्यात काकूंना एका वाक्यामध्ये ठसका लागला. पुढच्या रविवारी सांगलीत त्या नेमक्या त्याच जागी खोकल्या. मी नंतर हसून विचारलं तर काकू म्हणाल्या, "हसू नका. ह्यांनी वहीत लिहून ठेवलंय." मी वही उघडून पाहिली. हिरव्या शाईत, कंसात, 'खोकला' असं लिहिलं होतं.

शिक्षकांच्या खोलीत चित्रपटांवरून वाद व्हायचे, आणि ते बहुतेक सरांमुळेच व्हायचे. तिकडचे जुने चित्रपट उचलून आपल्याकडे नव्याने काढतात, हा त्यांच्या संतापाचा विषय होता. एरवी ते कुणाशी चढ्या आवाजात बोलत नसत.

"चित्रात नट नसतात," ते म्हणत. "त्या दिवशीचं ऊन असतं. तो वारा असतो. ते परत कुठून आणणार?"

खेळाचे माने मास्तर मुद्दाम काडी टाकत. "अहो पण सर, लोकांना कळलं तर पाहिजे. नवा काढला म्हणून जुना काय मरतो का?"

"मरत नाही, तेच वाईट आहे," सर म्हणत. "माणसं बाहेरगावी गेली आणि परत येऊन बघतात तर घरात दुसरंच कुटुंब राहतंय. त्यांनी जायचं कुठे? ती घराभोवतीच फिरत राहतात."

हे ते थट्टेने म्हणत नसत. माने मास्तर हसायचे, पण एकदा मला म्हणाले, "या माणसाचं असलं बोलणं ऐकलं की दुपारीसुद्धा मागे वळून बघावंसं वाटतं."

मी तेव्हा नव्याने काढावं या बाजूची होते. मी म्हटलं, "सर, सांगलीत एकच नाटक तीन पिढ्या करतात. तिथे कुणी हरकत घेत नाही."

"नाटक दर रात्री मरतं, बाई. म्हणून पुन्हा करावं लागतं."

"मग औंधच्या माझ्या आत्यानं काय करायचं? तिनं बर्फ कधी पाहिलेला नाही. तीच गोष्ट औंधात घडलेली दाखवली तर तिला कळेल."

"आत्यांना इथं घेऊन या," सर म्हणाले.

"आणि तुम्ही मराठीत बोलता, ते नव्यानं काढणं नाही का?" माने मास्तरांनी विचारलं.

"मी चित्राला हात लावत नाही," सर म्हणाले. "मी फक्त शेजारी उभा राहतो."

आत्याला मी खरंच आणलं, आणि ते बर्फाच्या चित्राला. या चित्राबद्दल जरा सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

ते कृष्णधवल होतं. बरीच वर्षं आधी, मी शाळेत यायच्याही आधी, दुसऱ्या कुठल्या चित्राच्या पार्सलमध्ये त्याचे डबे चुकून आले होते. सरांनी तीन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. पाठवणारी संस्थाच बंद पडली होती. डबे सरांच्या कपाटात राहिले. त्यांच्यावर एक, दोन आणि चार असे आकडे होते. तिसरा डबा आलाच नव्हता. नाव परक्या लिपीत होतं, त्यामुळे साताऱ्यात आणि सांगलीत त्याला बर्फाचं चित्र म्हणत. वर्षातून एकदा, माघात, ते दोन्हीकडे व्हायचं, आणि त्या दिवशी लोक भिंतीला टेकून उभे राहायचे. काकूंचा तो खोकलाही याच चित्राच्या वहीत होता.

गोष्ट साधी होती. बर्फाळ गावात एक नवरा-बायको राहतात. दोन डब्यांत त्यांचा संसार, रुसवेफुगवे. दुसऱ्या डब्याच्या शेवटी ती खिडकीतून बाहेर बघत उभी असते. मग चौथा डबा. नवरा एकटा आहे. तो खिडकीची चौकट पुसतो, पावाचे तुकडे करून बाहेरच्या कठड्यावर ठेवतो आणि मागे सरून उभा राहतो. कावळ्यासारखे काळे पक्षी येतात आणि ते तुकडे उचलतात. तो वळतो, तर दारात ती. पांढऱ्या कपड्यांत.

सर म्हणत, "आलीस?"

आणि तीन श्वासांनंतर काकू म्हणत, "गेलेच कुठे होते?"

तिथे सभागृहात एकाच वेळी पुष्कळ जण श्वास आत घेत. त्यानंतर ती घरात, रस्त्यावर, दुकानात वावरते, पण गावातलं एकही माणूस तिच्याकडे बघत नाही. दुकानदार तिच्या पलीकडे बघतो. शेजारीण समोरून निघून जाते. फक्त नवरा तिच्याशी बोलतो, आणि ती त्याच्याशी. शेवटच्या दृश्यात दोघं जेवायला बसतात.

आत्या पुढच्या रांगेत बसली होती. नवऱ्याने कठड्यावर पाव ठेवला, तशी ती माझ्या कानाशी म्हणाली, "पान ठिवलं बघ त्यानं. गेली व्हय गं बाई?"

काकू अजून काही बोललेल्या नव्हत्या. मी म्हटलं, "हो. पण तुला कसं कळलं?"

"आगं, कावळ्याला घास ठिवलाय की. हितं बी तसंच करत्यात."

परत जाताना आत्या सरांना म्हणाली, "आवं, ह्ये औंधातलंच हाय. निस्तं बर्फ पडलाय त्येच्यावर."

सरांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. ते जिंकले होते.

काकू गेल्या तेव्हा मला शाळेत पाच वर्षं झाली होती. आजार लहानसा वाटला होता. दहाव्याला माहुलीच्या संगमावर पिंड ठेवले. बायकांनी घाटावर उतरायची पद्धत नव्हती, म्हणून मी देवळाच्या पायऱ्यांवर थांबले. तिथून सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. कावळे समोरच्या झाडावर बसून होते. एकही खाली येईना. असं झालं की गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली आहे असं समजतात आणि जवळची माणसं एकेक वचन देऊन बघतात. काकूंचे भाऊ पुढे झाले. "भावजींना एकटं पडू देणार नाही." कावळे हलले नाहीत. "घर विकणार नाही." नाही. तासभर गेला. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायचं म्हणू लागले.

तेव्हा सर पिंडाजवळ गेले आणि वर्गात बोलावं तसं स्पष्ट बोलले. "बर्फाचं चित्र चालू ठेवीन. तुझ्या वाक्यांची जागा तशीच ठेवीन. दुसरं कुणी बोलणार नाही."

ते दोन पावलं मागे सरले. एक कावळा खाली आला.

सरांचं तसं मागे सरणं बघून माझ्या अंगावर काटा आला. ते मी पडद्यावर अनेकदा पाहिलं होतं.

इतर चित्रं त्यांनी बंद केली. केबल आली होती, माणसंही कमी झाली होती. बर्फाचं चित्र मात्र माघात झालं. साताऱ्यात मी पाहुण्यांमुळे जाऊ शकले नाही. सांगलीला त्यांच्याबरोबर गेले. सभागृहात हळदीचा वास होता. पलीकडच्या बाजारातून तो वर्षभर येत असे. सर डाव्या बाजूला उभे राहिले. उजव्या बाजूला नुसती भिंत. पहिल्या डब्यात पडद्यावरच्या बाईचे ओठ हलले आणि काहीच ऐकू आलं नाही. सर डोळे मिटून थांबले, वाक्य संपेपर्यंत थांबले, मग आपलं वाक्य बोलले. लोक चुळबुळ करू लागतील असं मला वाटलं होतं. कुणी हललं नाही.

दुसऱ्या डब्याच्या मध्यावर कधीतरी माझ्या लक्षात आलं, की मला काकूंची वाक्यं ऐकू येत आहेत. आठवत होती असं नव्हे. आठवणीतला आवाज डोक्यात असतो. हा समोरून, उजव्या बाजूने येत होता, यंत्राच्या घरघरीखालून, जरा ओलसर. मी श्वास धरला तर तो जास्त स्पष्ट झाला. शेजारच्या रांगेतल्या दोन बायका हुंदका न देता डोळे पुसत होत्या.

चित्र संपल्यावर आम्ही बाहेर चहाच्या गाड्याशी उभे होतो. एक तरणाताठा माणूस आला. विट्याचा होता, दक्षिणेत कुठेतरी सोनं गाळायचं दुकान चालवायचा, बहिणीकडे चार दिवस आला होता. असलं चित्र त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं.

"सर, लय भारी," तो म्हणाला. "पर त्या बाई कुठं बसत्यात वो? आवाज येतोय, दिसत न्हाईत."

सरांनी कप खाली ठेवला. "पडद्यामागे," ते म्हणाले.

"मधी खोकल्या बी. औषिद घ्या म्हणावं त्यास्नी."

"सांगतो," सर म्हणाले.

परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा चेहरा समाधानी होता. मला हवं होतं ते मलाही मिळालं होतं, आणि ते पारखून घ्यायची माझी इच्छा नव्हती. माझी आई लहानपणीच गेली. काकूंच्या हाताखाली मी त्या पाच वर्षांत बरंच काही शिकले, स्वयंपाकही. त्यानंतरची दोन वर्षं माघ जवळ आला की मी दिवस मोजायची.

मग अविनाश आला. तो सरांचा जुना विद्यार्थी, आता मुंबईत मालिकांच्या दिग्दर्शकांच्या हाताखाली काम करत होता. तो सरांकडे न जाता आधी माझ्या घरी आला आणि पिशवीतून एक व्हिडिओ कॅसेट काढून टेबलावर ठेवली.

"बाई, बर्फाचं चित्र. सहा वर्षं शोधत होतो. पूर्ण आहे, खाली इंग्रजी अक्षरं आहेत."

"अरे वा," मी म्हटलं.

तो खुर्चीत बसला नाही. "बाई, ती मरतच नाही."

मला समजलं नाही.

"तिसऱ्या डब्यात ती नवऱ्याला सोडून शहरात निघून जाते. दुसऱ्या कुणाबरोबर. सहा महिन्यांनी, त्याच डब्याच्या शेवटी, परत येते. गावानं तिला वाळीत टाकलंय, म्हणून कुणी तिच्याकडे बघत नाही. एवढंच. ती जिवंत आहे!"

"आणि ते पक्षी?"

"पक्षी म्हणजे पक्षी हो, बाई. तिकडे हिवाळ्यात घालतात त्यांना पाव."

सरांना ती भाषा येत नव्हती हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. खाली अक्षरं नसलेलं, मधला डबा नसलेलं चित्र दोघांनी कपाटातून काढून पुनःपुन्हा पाहिलं होतं, कठड्यावरचा घास पाहिला होता, आणि साताऱ्यातल्या कुठल्याही नवरा-बायकोला जे कळलं असतं ते त्यांना कळलं होतं. वाक्यं सगळी त्यांची होती.

"मला हे चित्र मराठीत काढायचंय," अविनाश म्हणाला. "हे कॅसेटमधलं नव्हे. हे ठीकच आहे, चारचौघांसारखं. मला सरांचं काढायचंय. त्या वह्या हव्यात. तुम्ही विचारा ना."

"त्यांना सांगायचं? की ती मरत नाही?"

"न सांगता कसं काढणार?"

कॅसेट मी घेतली आणि तो गेल्यावर शेजाऱ्यांकडच्या व्हिडिओच्या यंत्रावर एकटीने पाहिली. मग शब्दकोशांच्या मागे ठेवून दिली. सरांनी हे पाहिलं तर त्या रिकाम्या जागांत त्यांना काय ऐकू येईल, याची मला भीती वाटत होती. संगमावर दिलेला शब्द एका चुकीच्या समजावर उभा होता, आणि त्या शब्दाच्या आधारावर ते दिवस काढत होते. मी अविनाशला पत्र लिहिलं, की घाई करू नकोस. पण त्याचं सरांना आधीच पत्र गेलं होतं.

रविवारी दुपारी तीनला ते माझ्या दारात उभे राहिले. "आणा ती कॅसेट."

"सर, नका बघू."

"मूळ चित्र बघायला नको? मी? आयुष्यभर दुसऱ्यांना काय सांगत आलो?"

मी कॅसेट काढली. शेजाऱ्यांचं यंत्र आणलं. खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं. त्यांनी पडदे ओढायला सांगितलं नाही. आवाजही बंद केला नाही. पहिले दोन भाग त्यांनी न बोलता पाहिले. तिसऱ्यात ती बाई एक बोचकं बांधते, कोट घालते आणि दारात थांबते. ती काहीतरी बोलते आणि जाते.

"मागे घ्या," सर म्हणाले. मी मागे घेतलं. त्यांनी ते दृश्य तीन वेळा पाहिलं. चष्मा काढून पुसला. "काय म्हणते ती? नीट वाचा."

"'मी जाते.' एवढंच."

"काही मागत नाही?"

"नाही, सर."

मग पक्ष्यांचं दृश्य आलं. नवरा कठड्यावर तुकडे ठेवतो, वळतो, दारात ती. खालच्या अक्षरांत तो म्हणत होता, दार लावून घे, थंडी येते. आणि ती म्हणत होती, शिळा पाव आहे, तोच घाल त्यांना.

"शिळा पाव," सर म्हणाले. पुष्कळ वेळाने ते पुन्हा म्हणाले, "नुसता शिळा पाव होता."

शेवटपर्यंत ती दोघं मीठ, लाकडं, गळकं छप्पर यांबद्दल बोलत होती. संपल्यावर सर उठले. "बिचारी," ते म्हणाले. "इतकी वर्षं आम्ही त्यांना फार बोलायला लावलं." आणि जिना उतरून गेले.

त्या वर्षी माघात आम्ही सांगलीला गेलो. साताऱ्याचा खेळ त्यांनी केला नव्हता. यंत्र लावून झाल्यावर सर दिवे चालू ठेवून पुढे उभे राहिले आणि लोकांना त्यांनी सगळं खरं सांगितलं. तिसऱ्या डब्यात काय आहे ते, बाई जिवंत असल्याचं, वाक्यं आपली असल्याचं. "मी तुमची फसवणूक केली," ते म्हणाले. "जाणूनबुजून नाही, पण केली."

मग मागून फौजेतून निवृत्त झालेले एक आजोबा उठले. दर वर्षी यायचे, मिश्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"आवं सर, ती मेलेलीच हाय. आमी बघितलंय न्हवं का?"

"आजोबा, मी पूर्ण चित्र पाहिलं. ती घर सोडून जाते आणि परत येते."

"ते तुमच्या त्या कॅशेटमदी. आमच्या चित्रात तिसरा डबा न्हाईच."

लोक हसले. एक म्हातारी, नेहमी पुढच्या रांगेत बसणारी, जागेवरून म्हणाली, "आमी बाईंचं बोलणं ऐकाया आलोय. लावा की वो. माजी एसटी हाय दोनची."

सरांनी दिवे घालवले.

चौथा डबा लागला. पक्षी आले, तो वळला. सर म्हणाले, "आलीस?" आणि थांबले. मी कान देऊन बसले होते, श्वास धरून. यंत्राची घरघर ऐकू येत होती. बाईचे ओठ हलले. माझ्या डोक्यात आलं, शिळा पाव आहे. मी ते बाजूला सारायचा प्रयत्न केला, तर त्यामागे काहीच नव्हतं. माझ्या सभोवती मात्र एकाच वेळी सगळ्यांनी श्वास आत घेतला. म्हातारीने पदर तोंडाला लावला. कुणीतरी हळूच "हं" म्हटलं, बोलणाऱ्याला म्हणावं तसं.

सर पुढचं वाक्य बोलले, आणि त्यापुढचं. शेवटपर्यंत एक शब्द चुकला नाही.

परतताना कऱ्हाड गेलं. उंब्रजला गाडी थांबली, माणसं चढली-उतरली, गाडी सुटली. मग सरांनी विचारलं, "आज तुम्हाला आलं ऐकू?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही, सर."

"मलाही नाही."

उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक मागे पडत होत्या. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते, विद्यार्थ्यासारखे.

"आता?" मी विचारलं.

"पुढच्या माघात पुन्हा. त्यांना येतंय ना."

"आणि अविनाश? नव्याने काढायचं म्हणतोय."

"काढू दे," ते म्हणाले. "पण आत्ता नाही. तिला ऐकणारं एक जरी माणूस असेल तोवर त्याला थांबायला सांगा. ते संपलं की दुसऱ्या बाईनं बोलायला हरकत नाही. तेव्हा ती जागा खरंच रिकामी असेल."

त्यानंतर दोन माघ त्यांनी ते चित्र दाखवलं. आपल्याला काही ऐकू येत नसताना थांबायच्या जागी थांबणं, तेवढंच थांबणं, हे काय असेल याची मला कल्पना करता येत नाही. तिसऱ्या माघाच्या आधी, पौषात, ते झोपेतच गेले. काकूंच्या भावांनी वह्या आणि डबे माझ्याकडे आणून दिले. अविनाशचं सांत्वनाचं पत्र आलं. शेवटी त्याने अवघडत वह्यांबद्दल विचारलं होतं.

वह्या द्यायच्या असं मी ठरवलं. पण त्याआधी सांगलीचा खेळ करून, लोकांना सांगून तो बंद करणं मला योग्य वाटलं. यंत्र चालवायला मी शिकले होते. त्या रविवारी तिसेक माणसं आली. मी सर गेल्याचं सांगितलं, आणि पडद्यापाशी आज कुणी उभं राहणार नाही, चित्र मुकं बघावं लागेल असंही सांगितलं. मग दिवे घालवून मागे यंत्राशी बसले. दीड तास पडद्यावर ओठ हलत होते, बर्फ पडत होता, आणि सभागृहात यंत्राशिवाय कसलाही आवाज नव्हता. कुणी उठलं नाही, कुणी खाकरलं नाही. माझे डोळे भरून येत होते, पण मनात हिशोब स्पष्ट होता: हे संपलं, उद्या अविनाशला वह्या पाठवायच्या.

दिवे लावले. लोक न बोलता बाहेर पडले. पुढच्या रांगेतली म्हातारी मात्र काठी टेकत यंत्रापाशी आली. माझ्या दोन्ही गालांवरून तिने हात फिरवला.

"रडू नगं, बाई," ती म्हणाली. "बाईंचा तर नेहमीच लागतो. पर सरांचा आवाज बी आज लय चांगला लागला हुता."

दुसऱ्या दिवशी मी अविनाशला पत्र टाकलं. त्यात एवढंच लिहिलं, की अजून थांब.